एकाच दिशेला झोपलेले विषाणू

अण्णांना हसताना मी चार वर्षांत एकदाच पाहिलं, आणि तेव्हा ते मला हसत होते.

बेंगळुरूच्या आमच्या संशोधन संस्थेत तळमजल्यावरचा मोठा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप त्यांच्या ताब्यात होता. मूळचे निपाणीकडचे, पण जयनगरमध्ये पुरते मुरलेले. मी पुण्याहून पीएचडीला आलेली. मराठी माणूस भेटला म्हणून पहिल्या दिवशी केवढी खूश झाले होते! ती खुशी त्यांनी संध्याकाळपर्यंतही टिकू दिली नाही. "पुण्याची काय? मग सगळं येत असंल तुला," एवढंच म्हणाले.

"स्वल्प थांब" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कन्नडमध्ये स्वल्प म्हणजे थोडं. अण्णांच्या लेखी दोन तास. मशीन सुरू केलं की तेवढा वेळ कोणी हात लावायचा नाही. का, ते कधी सांगायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "मशीनला विचार." आम्ही मुली पाठीमागे त्यांना 'स्वल्प'च म्हणायचो, आणि फार प्रेमाने म्हणायचो असं नाही.

माझं काम फ्लूच्या निष्क्रिय केलेल्या विषाणूंचा आकार पाहण्याचं. विषाणूला चमकणारं रसायन चिकटवायचं, लुकलुकणाऱ्या ठिपक्यांची हजारो चित्रं घ्यायची आणि ती एकावर एक बसवायची; मग कणाचा आकार उमटतो. एक प्रथिन बदललं की गोल कण लांबट होतात, असं मला दाखवायचं होतं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्याच्यावरच उभं होतं. सर्जापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस गेल्यावर आणखी दोन तास कोण थांबणार? अण्णांची पाठ वळली की मी काम सुरू करायची. आणि कण लांबट दिसले! एक-दोन नाही, सगळे. मी नाचतच चित्रं घेऊन अण्णांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिलं, "सरी," म्हणजे कन्नडमध्ये 'ठीक', एवढंच म्हणाले आणि डबा धुवायला गेले.

सहा महिन्यांनी विभागाच्या बैठकीत मी तीच चित्रं मांडली. माझे मार्गदर्शक शोधनिबंध पाठवायच्या तयारीत होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून अण्णा म्हणाले, "सगळे एकाच दिशेला तोंड करून झोपल्यात की! कवायत करायलेत काय तुझे विषाणू?" सगळे हसले. अण्णाही हसले. मग म्हणाले, "स्लाइड काटकोनात फिरवून परत बघ. कण खरंच लांब असतील तर ते पण फिरतील."

मी स्लाइड फिरवली. कण फिरले नाहीत. मशीन तापत असताना स्लाइड नकळत सरकत होती आणि चित्रात गोल कण ताणला जात होता. दोन तास थांबून पाहिलं, तर सगळे गोल. प्रकरण गेलं. बाथरूममध्ये जाऊन मी रडले आणि अण्णांना येतील तेवढ्या शिव्या दिल्या. चूक माझीच होती, मान्य. पण त्यांना ती मी चित्रं दाखवली त्याच दिवशी दिसली होती.

पुढे आमचं बोलणं कामापुरतंच उरलं. ते निवृत्त झाले त्या दिवशी कँटीनमध्ये निरोपाला केसरीभात, म्हणजे तिकडचा केशरी शिरा, होता. प्लेट घेऊन ते माझ्याशेजारी येऊन बसले.

"अजून राग हाय काय?"

"आहे. तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"माझं पण असंच झालेलं," ते प्लेटकडे बघत म्हणाले. "कुणी सांगितलं नाही. छापून आलं, मग परत घ्यावं लागलं. पीएचडी तिथंच राहिली."

मला वाटलं, आता म्हणतील, तुझं तसं होऊ नये म्हणून छापायच्या आधी बोललो. माझा राग निम्मा उतरलाही होता.

"म्हणून बघत बसलेलो, तुला कळतंय काय," ते म्हणाले. "तुला पण कळंना, तर बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?"

नमस्कार न करताच मी उठले. चार वर्षांत ते माझ्याशी मनातलं बोलले ते एवढंच, आणि तेवढ्यासाठी मी त्यांना कधीही माफ करणार नाही.