कूलर बंद करा, पकडून राह्यलं

उजव्या हाताचा पंजा हवेत, डावा हात माऊसवर, आणि मान न वळवता एकच हुकूम: "हालू नका कोणी. कूलर बंद करा. पकडून राह्यलं." भाऊंचं हे वाक्य ऐकून ज्याने नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांत, घाम गाळला नाही, असा माणूस कारंजा घाडग्यात दाखवा, मी त्याला संत्र्याची बाग लिहून देतो. माझ्याकडे बाग नाही, ही गोष्ट वेगळी.

भाऊ एकेकाळचे आमचे शूटिंगवाले. गव्हाच्या पोत्याएवढा कॅमेरा खांद्यावर घेऊन त्यांनी इतकी लग्नं लावली, की अर्ध्या तालुक्यातल्या नवरदेवांचे चेहरे त्यांच्या बायकांपेक्षा भाऊंना जास्त पाठ. पुढे लग्नं मोबाईलवर गेली, तसे भाऊ घरी बसले आणि लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देऊ लागले.

त्या कॉम्प्युटरचं वय विचारू नका. झाकण उघडंच असायचं आणि आत एक पाल पिढ्यानपिढ्या राहत होती. तिच्या शेजारी बसवलेली हिरवी पट्टी म्हणजे कॅप्चर कार्ड. व्हीसीआरमध्ये कॅसेट चालवायची, चित्र पिवळ्या वायरने त्या कार्डात जाणार आणि कॉम्प्युटर ते पकडणार. आवाजाची वायर वेगळी. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास. तेवढ्यात कूलर सुरू झाला, की चित्रावर आडव्या रेघा. कॉम्प्युटरचा स्वतःचा पंखा हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगसारखा घरघरायचा, पण त्याला सगळं माफ. "कार्डाची चूक नाई, बाबू," भाऊ म्हणायचे. "आपल्या इकडचा करंटच रागीट हाय."

माझी कॅसेट ताईच्या लग्नाची होती. शूटिंग भाऊंचंच. आईला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती आणि तिचा आवाज साऱ्या जगात एकाच ठिकाणी उरला होता: त्या कॅसेटमध्ये, स्वयंपाकाच्या मंडपात, दहा-बारा सेकंद. आता ताईच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिला आजीचा आवाज ऐकायचा होता. भाऊंनी कॅसेट उजेडात धरली. फितीवर पांढरी बुरशी.

"एकदाच चालन ही. मंग नाई. आधी दुसऱ्याईच्या कॅसेटीवर सराव करू."

सराव म्हणजे छळ हो. कधी चित्र हिरवं, कधी माणसं डोक्यावर उभी, कधी मंगलाष्टकांत कॉम्प्युटर गार. हायवेवरून ट्रक गेला की पडद्यावरची नवरी वीतभर सरकायची. त्या महिन्यात मी अनोळखी लोकांची अकरा लग्नं पाहिली आणि एकाचीही पंगत नशिबी आली नाही.

एकदा कंटाळून म्हणालो, "भाऊ, आता बोटाएवढं यंत्र मिळते म्हणते बाजारात."

"मंग जा ना त्या बोटाकडं. मले काऊन विचारून राह्यला?"

भाऊ दोन दिवस फुगले. पण चालू व्हीसीआर आख्ख्या तालुक्यात त्यांच्याकडेच. मीच पुन्हा गेलो.

शेवटी तो दिवस उजाडला. दुपारचं ऊन असं, की अंगणातली चिमणी सावली मागायला दारात आली होती. कूलर बंद, फ्रिज बंद, शेजारणीला मिक्सरबंदी. वहिनी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसलेल्या. बाजूला टीव्हीही जोडलेला, काय पकडलं जातंय ते ऐकू यावं म्हणून. भाऊंनी पंजा वर केला. कॅसेट फिरली.

मंडप आला. आई आली. हातात झारा, पदर खोचलेला. थेट कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाली, "जेवला काय रे तू? का नुसता डबाच खांद्यावर घेऊन हिंडून राह्यला?"

मी श्वास धरला होता. आणि शेजारून हळूच आवाज आला, "हो मावशी, जेवलो."

पुढच्या दहा मिनिटांत फीत व्हीसीआरमध्ये गुरफटली आणि तुटली. हरकत नाही, आई तर पकडली होती. आम्ही फाईल लावली. चित्र सोन्यासारखं. आवाज? वहिनींनी टॉवेल पिळला तो आवाज, माझा खोकला, हायवेवरचा ट्रक. भाऊंनी वायर बरोबर लावली होती, पण कॉम्प्युटरमध्ये आवाज कुठून घ्यायचा ते बदलायचं विसरले होते. परगावच्या मुलीशी बोलायला भाऊंनी टेबलावर ठेवलेला माईक सगळ्या खोलीचं ऐकत बसला होता. टीव्हीतली आई विहिरीच्या तळातून बोलावी तशी लांब, आणि तिच्या शेवटच्या शब्दावर भाऊ बसलेले. ठणठणीत.

माझा तोल गेला. "साऱ्या घराले मुकं केलं तुम्ही, आन तुम्हीच बोलले?"

"मी बोललो?" त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मग पुटपुटले, "विचारलं ना तिनं. तवा बोलता आलं नाई. माहा आवाज कॅसेटीत आला असता."

फाईल तेवढी मोबाईलमध्ये घेतली आणि मी चपला घातल्या. नंतर त्यांचे फोन आले. "येजो. फीत जोडून राह्यलो." मी काही गेलो नाही. थंडीत एका सकाळी भाऊच गेले.

भेटायला गेलो तर कॉम्प्युटर तसाच उघडा, आणि टेबलावर माझी कॅसेट. तुटलेल्या जागी चिकटपट्टीचे तीन-तीन थर. वहिनींना मी ते दहा सेकंद मोबाईलवर ऐकवले. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतात. त्या हसत होत्या.

"जेवलो म्हणते हे. तुमच्या ताईच्या लग्नातून उपाशी आलते घरी. यांची पंगत बसली तवा भातच सरला होता. रातच्याले मी भाकर थापून देल्ली."

भाचीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी घरात सगळे जमले, तेव्हा ती फाईल लावली. आईचा आवाज इतका बारीक, की पंख्यातही बुडतो. मी पंजा वर केला. "हालू नका कोणी. कूलर बंद करा." पोरं कुरकुरली, ताईच्या नवऱ्याने वही हलवून वारा घेतला, मग सगळे गप्प.

आई विचारते. आणि भाऊ तिच्याशी खोटं बोलतात.