तांबेऱ्यावरचा काळा ठिपका

तांबेऱ्याला रोग पडला की ज्याला त्या दिवशी जेवण गोड लागते, असा माणूस साऱ्या भीमाकाठी एकच आहे, आणि मुलांनो, तो आपल्या नात्यात आहे. तुमच्या आजोबांचे हे धाकटे चुलतभाऊ, माझे राहू गावचे भावजी. तांबेरा तुम्ही पाहिलेला नाही, म्हणून आधी तेवढे सांगते. ज्वारीच्या पानावर विटकरी रंगाच्या बारीक पुळ्या उठतात, बोट फिरवले की बोट लाल होते. ती एक बुरशी. बाकीचे शेतकरी ती दिसली की फवारणीच्या तयारीला लागतात. आमचे भावजी गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेले भिंग काढतात आणि बांधावर पालथे पडतात. कारण त्या पुळीच्या डोक्यावर कधीकधी मोहरीच्या शतांशाएवढा काळा ठिपका असतो. ती दुसरी बुरशी, आणि ती तांबेऱ्यावर जगते. मला पहिल्यांदा दाखवले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, दर्शन घ्या." मी विचारले, याने ज्वारी वाचते का? "येवढ्यानं कुठली वाचतीया! पण तांबेऱ्याला तरी कळतंय, आपल्यालाबी खाणारं कुणीतरी हाय."

वरवंडला त्यांच्या भाचीचे लग्न होते. गुरुजींनी ध्वनिक्षेपकावरून तीनदा पुकारले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे." मामा कुठे? कार्यालयामागच्या ज्वारीत! शेवटी आले ते पांढऱ्या सदऱ्यावर तांबडे पट्टे घेऊन. वरमाय म्हणाली, "मामा, हळद काल झाली. आज हे काय फासून आलात?" भावजी आनंदाने म्हणाले, "चार पानांवर गावला, ताई!" वरमायेला काय गावले ते अजून समजलेले नाही. निमोण्याच्या एका पाहुण्याने मात्र मन लावून ऐकले आणि विचारले, "आप्पा, ह्याची बाटली कुठं मिळंल?" भावजी दुखावले. "बाटलीत न्हाई ऱ्हात त्यो. त्याला तांबेरा जित्ता लागतो. तांबेरा मारला की ह्योबी मेला."

म्हणूनच ते दरवर्षी ज्वारीचे दोन वाफे फवारल्याशिवाय ठेवत. जाऊबाई म्हणत, "लोकं जावयाला घरात ठेवत्यात, ह्यांनी तांबेऱ्याला ठेवलाय." गावाने तर ठरवूनच टाकले होते की ते ठिपके म्हणजे माशीची घाण. शेवटी यंदा नवरा-बायकोत करार झाला. माझ्या शेजारच्या बाई इथे शिरूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायचे. घाण निघाली, तर पुढच्या वर्षीपासून त्या दोन वाफ्यांवरही फवारा.

भावजी दोन गाड्या बदलून सकाळी माझ्याकडे आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली तीन पाने टेबलावर ठेवली आणि हातपाय धुवायला गेले. मी पुडी उघडली. पाने लाल भुकटीने माखलेली. कॉलेजात न्यायची वस्तू अशी कशी न्यायची? मी ओले फडके घेतले, तिन्ही पाने दोन्ही बाजूंनी स्वच्छ पुसली, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातली आणि वर सुवाच्य अक्षरात नाव व तारीख लिहिली. भावजी टॉवेलने तोंड पुसत बाहेर आले आणि फोल्डरकडे बघत राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "पानं पार लखलखीत केली की वो."

मी काय केले ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरले. ज्वारीची काढणी झालेली, कडबा बांधून वळई रचलेली. हिरवे पान शिवारात कुठे उरले नव्हते; ही तीन भावजींनी काढणीआधी तोडून जपलेली होती. मी रडकुंडीला आले. भावजीच मला समजावू लागले, "असू द्या वहिनी, चूक माझीच. पुडीवर लिव्हाया पायजे हुतं, आत पाहुणा हाय म्हणून."

तरी आम्ही गेलो. पाने घेतली आणि ते फडकेही घेतले. बाईंनी फडके बाजूला सारले, कारण त्यावर नुसती लाल भुकटी होती. मग एकेक पान भिंगाखाली सरकवत गेल्या. पहिल्यावर काही नाही. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्या पानाच्या मधल्या शिरेच्या कडेला त्या थांबल्या. सुईने कणभर काहीतरी उचलले, काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवले आणि बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून बघत बसल्या.

"आप्पा, ही बुरशीच आहे. पुळीत रुतून बसलेली, म्हणून पुसण्यातून वाचली. या बघा."

भावजी स्टुलावर बसले ते उठेचनात. मला वाटले, आता सगळ्या कॉलेजाला ऐकू जाईल असे काहीतरी बोलतील. पण त्यांनी उठून नुसती मला जागा दिली. तो ठिपका आता काळ्या कुपीसारखा दिसत होता; तिच्या तोंडातून धाग्यासारखे काहीतरी पाण्यात सुटत होते, आणि त्या धाग्यात असंख्य इवले कण होते. इतकी शिकलेली मी, पण असे काही आयुष्यात पाहिले नव्हते.

स्टँडवर गाडीची वाट बघताना मी म्हटले, "आता गावाला बरं सांगता येईल, भावजी. दोन वाफे राहिले तुमचे."

"व्हय, ऱ्हायले," ते म्हणाले. मग भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसत हळूच म्हणाले, "वहिनी, कुणाला बोललो न्हाई कवा. पण रातीचं वाटायचं, समदं गाव न्हाई म्हणतंय, तर मलाच खोटं दिसत आसंल का?"

माशीची घाण म्हणून हसणाऱ्यांत इतकी वर्षे मीही होते. गाडी आली. त्यांनी खिडकीतून हात केला, आणि मी गाडी वळेपर्यंत तिथेच उभी राहिले.