तीन पिवळ्या कड्या

वडप्याला हायवेच्या कडेनं गोदामांची रांग आहे, तिच्या मागं संघरत्ना मिस्तरीचं गॅरेज. तीस वर्षं त्यानं इंजिनं खोलली नि बांधली. बोलायला माणूस तुसडा, पण हात असा की दापोड्याची लोकं बंद गाडी दोरानं ओढत त्याच्याकडं आणायची. असला माणूस भर दुपारी स्वतःच्याच टेबलाशी घाम पुसत उभा होता.

समोर दाऊद चालवायचा त्या शाळेच्या व्हॅनचं इंजिन. सगळं बसवून झालेलं, राहिली होती टायमिंग चेन. दातेरी चाकं तीन. खालच्याशी पिस्टन जोडलेले, वरच्या दोघांशी व्हॉल्व्ह, आणि तिघांना एका तालात फिरवणारी ही साखळी. चाकाचाकावर एक टिंब कोरलेलं, साखळीत तीन कड्या पिवळ्या. पिवळी कडी टिंबावर बसवायची, एवढंच. पण एक दाता जरी चुकला तरी पिस्टन आज ना उद्या व्हॉल्व्हला धडकणार.

संघरत्नानं साखळी उजेडात धरली. त्याला सगळीच्या सगळी पिवळी दिसत होती.

दोन महिन्यांमागं हितेश नावाच्या गिऱ्हाइकाच्या गाडीच्या वेळीही अशीच दिसली होती. तेव्हा त्यानं अंदाजानं बसवली. हातानं फिरवून बघितली तर कुठं अडली नाही. आठ दिवस गाडी कुरकुरत चालली नि मानकोलीच्या पुलावर मधोमध बंद पडली. मागचा कंटेनर हातभर अंतरावर कसाबसा थांबला. इंजिन खोलल्यावर वाकलेले व्हॉल्व्ह बघून संघरत्नाला काय ते कळलं, पण हितेशला तो म्हणाला, "पार्ट डुप्लिकेट निघाला." आणि ही व्हॅन तर पोरांची. सोळा पोरं, तोच पूल, रोज.

बायको, धम्मदिना, डबा घेऊन आली. आजवर तिला त्यानं इंजिनाच्या जवळ फिरकू दिलं नव्हतं.

"इकडं ये. यातल्या पिवळ्या कड्या कुठल्या?"

"या काय, तीन हायत." ती थबकली. "तुमाला दिसत न्हाय?"

"तेल हाय वर."

"तेल मलाबी दिसतंय. त्याखालचं पिवळंबी दिसतंय." तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. "मंग हितेशची गाडी..."

"बोट ठिव कडीवर. आन ती बांगडी मागं सार, अडकंल."

ती बोट ठेवून दाखवत गेली, तो चाकावर चढवत गेला. साखळी ताणून बसली तोवर दाऊद आलाच.

"काय मिस्तरी, वहिनीला नोकरीला ठेवलंस? पगार तरी देतोस का?"

धम्मदिना हसली नाही. ती नवऱ्याकडं बघत उभी राहिली. गप्प राहिला असता तर निभावलं असतं, हे संघरत्नाला कळत होतं. त्यानं पाना खाली ठेवला.

"दाऊद, मला पिवळं येगळं दिसत न्हाय. हिनं दाखवलं तिथं बसवलंय. हितेशचं इंजिन मीच मारलं, पार्ट बरा व्हता."

दाऊदचा चेहरा उतरला. "पोरं बसतात यात, मिस्तरी."

"म्हणून तर सांगितलं."

दाऊदनं साखळीकडं बघितलं. मग दाऊद म्हणाला, "फिरव."

खालच्या चाकाच्या बोल्टाला पाना लावून संघरत्नानं दोन फेऱ्या मारल्या. कुठं अडलं नाही. दाऊद वाकला.

"अरे, कड्या तर सरकल्या. एकही टिंबावर न्हाय."

संघरत्नाचं तीस वर्षांचं माहीत असलेलं एका दमात पुसून गेलं. मग हळूहळू आठवलं, कड्या दोन फेऱ्यांत जागेवर येतच नाहीत, टिंबं येतात. त्यानं अंगठ्याचं नख वरच्या चाकाच्या टिंबात रोवलं नि सरळ पुढं ओढलं. समोर इंजिनाच्या अंगावर कोरलेली रेघ नखाला लागली. दुसऱ्याचीही लागली. खालच्याचीही.

"कड्या बघू नको, टिंबं बघ. आन माझ्या नखावर जाऊ नको, बत्ती लाव."

दाऊदनं मोबाइलच्या उजेडात तिन्ही तपासली. "हायत बराबर."

दुसऱ्या दिवशी व्हॅन सुरू झाली. आवाज स्वच्छ होता, तरी कुणाच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"हितेशची आठ दिवसांनी बंद पडली ना?" दाऊद म्हणाला. "मंग आठ दिवस पोरं दुसऱ्या गाडीत. ही आपण दोघं चालवू, पुलावरून, रोज दोन फेऱ्या. आणि हितेशला तू सांगतोस का मी सांगू?"

"मी."

"नवव्या दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं," धम्मदिना म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

हितेशला त्यानं त्याच संध्याकाळी फोन लावला. हितेश काय बोलला, ते घरी सांगितलं नाही.

सकाळी दोघं निघाले, स्टिअरिंग दाऊदच्या हातात. मागं सोळा पोरांची जागा रिकामी. मानकोलीचा चढ लागला तसे आरशात कंटेनर दिसायला लागले, एकामागं एक. संघरत्नानं डोळे मिटले नि कान इंजिनाला लावला.

"काय म्हणतंय?" दाऊदनं विचारलं.

"गप ऱ्हा. ऐकू दे."