मेंढीपर्यंत

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्रालगत खडूच्या टेकड्या आहेत. वर आखूड हिरवं गवत, आणि पायवाटेवर ते झिजलं की खाली शुभ्र खडू. तिथे राहणाऱ्या लेकीने आम्हाला फिरायला नेलं. चढ सौम्य होता. लहान मुलं, म्हातारी माणसं रमतगमत चालली होती. तरी माझी बायको सुमन पायथ्याच्या बाकाशीच थांबली. गुडघ्याच्या ऑपरेशनला वर्ष झालं होतं, पण त्या पायावर तिचा विश्वास बसत नव्हता.

"तुम्ही जाऊन या," ती म्हणाली.

तेवढ्यात पाच वर्षांच्या नातीनेही बसकण मारली. "आजी, माझेपण पाय दुखतात."

वर एक मेंढी चरत होती. सुमनने तिच्याकडे पाहिलं. "बरं, त्या मेंढीपर्यंत जाऊ. मग बसू."

दोघी जवळ पोहोचल्या, तशी मेंढी थोडी वर सरकली. नात खुदकन हसली आणि दोघी पुन्हा निघाल्या. मी मागून गुपचूप चालत होतो. धीर देणारी माझी वर्षभराची भाषणं आठवून लाजच वाटली. माथा दाखवला की माणूस बिचकतो. पुढची दहा पावलं मात्र झेपतात, विशेषतः कुणाचा तरी इवला हात हातात असला तर.

माथ्यावर वारा होता आणि समोर एकदम निळाशार समुद्र. सुमन गवतावर ऐसपैस बसली. थोड्या वेळाने लेक म्हणाली, "आई, निघू या का हळूहळू?"

"थांब गं," समुद्रावरची नजर न काढता सुमन म्हणाली, "आत्ताच तर आले मी."