यमुनाबाईंचा शर्ट आणि नगराळेबाईंची दुरुस्ती

डॉ. सुशीला नगराळे यांच्याशी माझा परिचय भांडणातून झाला. मी तेव्हा यवतमाळला एका दैनिकाचा जिल्हा प्रतिनिधी होतो. कापसाची ती वाईट वर्षे होती. बोंडअळी औषधाला दाद देत नव्हती, म्हणून फवारे वाढत होते आणि फवारणारी माणसे चक्कर येऊन वावरात पडत होती. अशात बाईंच्या संस्थेने पत्रकार परिषद बोलावली. फवारणी करणाऱ्या मजुरांच्या रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास पूर्ण झाला होता. संचालक बोलले; ज्यांचा अभ्यास होता, त्या बाई मागच्या खुर्चीवर बसून होत्या. बातमी सहाच्या आत द्यायची होती, मी दिली. मथळा होता, ‘फवारणी सुरक्षित, शास्त्रज्ञांचा निर्वाळा’.

दुसऱ्या दिवशी फोन आला.

“मी नगराळे बोलते. ‘सुरक्षित’ हा शब्द तुम्ही कुठून आणला?”

मी म्हणालो, “मॅडम, फवारणारे आणि न फवारणारे, या दोन गटांत फरक नाही, हे तुमच्याच निबंधात आहे.”

“फरक आढळला नाही, असं आहे. घरात शोधून चष्मा सापडला नाही, तर चष्मा नव्हताच असं छापता का तुम्ही?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्या वेळी त्यांचाही त्या निबंधावर विश्वास होता, हे आज सांगायला हवे. त्यांचा आक्षेप फक्त माझ्या शब्दावर होता.

बाईंचा जन्म घाटंजीजवळच्या एका खेड्यातला. धम्मदीक्षा घेतलेल्या घरातली ही मुलगी. वडील सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारे; आई मजुरीने निंदणाला आणि वेचणीला जाणारी. शिष्यवृत्तीवर त्या शिकल्या, मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत रोगप्रतिकारशास्त्रात नाव मिळवले आणि सगळे नको म्हणत असताना जिल्ह्यात परत आल्या. वणीच्या खाणकामगारांच्या फुप्फुसांतल्या पेशींवर त्यांनी काम केले. झरी जामणीच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या मुलांना लस दिल्यावर शरीर तिला किती साथ देते आणि उपाशी शरीर किती कमी देते, हे त्यांनी वर्षानुवर्षे मोजले. त्या निबंधांचा परिचय बाईंच्या या गौरवग्रंथात इतरांनी करून दिला आहे. मला त्यांच्या एका सवयीबद्दल लिहायचे आहे.

रक्त घेतले की त्या माणसाला त्याचा निकाल स्वतः नेऊन द्यायचा, ही ती सवय. साध्या कार्डावर, मराठीत, स्वतःच्या अक्षरात. याची सुरुवात झरी जामणीतल्या एका म्हाताऱ्या कोलामाने केली. बाईंनी सुई काढली तसे त्याने विचारले, “मागच्या साली बी एक साहेब रगत घेऊन गेलता. अजून वापस नाही आला. तुमी येसान का?” बाई म्हणाल्या, येईन. तेव्हापासून त्या जात राहिल्या. एसटीने, कोळशाच्या ट्रकमध्ये चालकाशेजारी बसून, नाही तर पायी. सहकाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटे. “टपालखात्यात जायला हवं होतं तुम्ही,” असे त्यांना तोंडावर म्हटले जाई.

फवारणीच्या अभ्यासाचीही कार्डे त्यांनी अशीच वाटायला घेतली. निबंध प्रसिद्ध झाला होता. तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीने तो प्रमाण मानला होता. मजुरांचे आजार फवारणीमुळे नाहीत, अशक्तपणामुळे आहेत, असे लिहून प्रकरणे बंद करायला सुरुवातही झाली होती.

अभ्यासाची मांडणी कागदावर चोख होती. फवारणारे पुरुष हा एक गट आणि त्यांच्याच घरातल्या, न फवारणाऱ्या बायका हा तुलनेचा दुसरा गट. एकच चूल, एकच पाणी; फरक फक्त फवारणीच्या पंपाचा. दोन्ही गटांच्या पांढऱ्या पेशी सुस्त निघाल्या, पण सारख्याच सुस्त. म्हणजे दोष पंपाचा नाही, चुलीचा, अर्धपोटी राहण्याचा. प्रत्येक बाईला विचारले होते, “तुम्ही फवारणी करता का?” प्रत्येकीने नाही म्हटले होते. ते खरेच होते.

कार्ड द्यायला बाई घाटंजीकडच्या एका वावरात गेल्या, तेव्हा वेचणी चालली होती. त्या दिवशी मी सोबत होतो. मथळ्याचे भांडण मिटवावे म्हणून मीच गाडी घेऊन आलो होतो. यमुनाबाई नावाची पन्नाशीची मजूरबाई ओटीत कापूस भरत तासातून, झाडांच्या ओळीतून पुढे आली. साडीवर तिने पुरुषी शर्ट घातला होता, लांब बाह्यांचा, मूळचा पांढरा. आमच्याकडे वेचणाऱ्या सगळ्याच बाया तसा घालतात. मी तो हजार वेळा पाहिला होता.

बाईंनी कार्ड पुढे केले आणि हात तसाच राहिला. नाक आक्रसून त्यांनी विचारले, “यमुनाबाई, हा शर्ट कुणाचा?”

“कोनाचा म्हंजे? आमच्या बुढ्याचा. फवाऱ्याचा हाये.”

“फवारतानाचा?”

“मंग? चांगला शर्ट कोनी वावरात घालते का? बोंडाचे काटे पाह्यले का? हात सोलून निंगते.”

“धुतला नाही?”

“धुतो ना माय. वास जातच नाही, त काय करू? बुढा म्हन्ते, फेकून दे. म्या म्हनलं, फेकतो कायले, वेचनीले होते.”

शेजारच्या तासातली एक तरुण बाई हसत म्हणाली, “अवो डाक्टरीनबाई, तुमच्या मायनं कधी नसन घातला काय शर्ट? तुमी त इकडच्याच ना?”

बाया हसल्या. बाई वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसल्या. मला वाटले, ऊन लागले. गाडीत बसल्यावर त्या बोलल्या. “माझ्या आईने जन्मभर बापाचा शर्ट घालून कापूस वेचला. बाहीला तोंड पुसायची ती. मी त्या बाहीच्या वासात वाढले. आणि प्रश्नावलीत मी विचारलं, फवारणी करता का.”

तुलनेचा गट निरोगी नव्हता. तोही तेच विष अंगावर वागवत होता. दोन आजारी गटांची तुलना करून बाईंनी फरक नाही असे लिहिले होते, आणि मी त्याचे ‘सुरक्षित’ केले होते.

पुढची दोन वर्षे बाईंनी तोच अभ्यास पुन्हा केला. या वेळी तुलनेला झरी जामणीच्या जंगलकामावरच्या बाया घेतल्या. तितक्याच गरीब, तितक्याच अशक्त, पण कापसाच्या वावरात न जाणाऱ्या. फरक आढळला. स्पष्ट आढळला. बाईंनी आपलाच निबंध चुकीचा असल्याचे लिहिले आणि संचालकांपुढे ठेवले.

संचालक वाईट गृहस्थ नव्हते. ते म्हणाले, “नगराळे मॅडम, निवृत्तीला किती दिवस राहिले? काहून डोकं फोडून राह्यल्या? संस्थेचं नाव त्या निबंधावर आहे.”

“माझंही आहे,” बाई म्हणाल्या.

निबंध छापलेल्या नियतकालिकाकडे दुरुस्ती पाठवली गेली. तिच्या शेवटी बाईंनी लिहिले होते की तुलना गटातली चूक यमुनाबाईंनी लक्षात आणून दिली. नियतकालिकाकडून विचारणा आली की या यमुनाबाई कोणत्या संस्थेच्या, त्यांची पात्रता काय. बाईंनी कळवले, ‘कापूस वेचणे.’ ती ओळ छापताना गाळली गेली. दुरुस्ती एका चौकटीत आली, पानाच्या तळाशी. समितीला बाईंनी तीन पत्रे लिहिली. समितीचे काम संपले आहे, असे एकाच पत्राचे उत्तर आले. बंद झालेली प्रकरणे बंदच राहिली. बाईंची प्रयोगशाळा दुसऱ्या विभागाला दिली गेली आणि सेवेचा उरलेला काळ त्यांना संस्थेच्या ग्रंथालयाची प्रमुख म्हणून काढावा लागला. तिथेही त्यांनी पुस्तके नीट लावली, असे ऐकतो.

मी त्या दुरुस्तीची बातमी दिली होती. ती आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी, चार ओळींत आली. पहिली बातमी पहिल्या पानावर होती. मी संपादकांशी भांडलो नाही. त्या दिवशीही सहाच्या आत पान सोडायचे होते.

बाईंनी मला त्यावरून कधी टोचले नाही. माझ्या पत्नीच्या आजारपणात त्यांनी सगळे रिपोर्ट मागवून घेतले आणि एका रविवारी घरी येऊन त्यातली ओळ न् ओळ तिला समजावून सांगितली. जाताना तिच्या हातात एक कार्ड ठेवले, त्याच अक्षरात. ते आमच्या घरी अजून आहे. यमुनाबाईंच्या हातावरची जखम महिनोन् महिने भरत नव्हती, तेव्हा त्यांना घेऊन बाई दवाखान्याच्या रांगेत बसत, ओळख न सांगता.

आता या ग्रंथाविषयी. शेवटी बाईंच्या संशोधनाची सूची आहे. तिच्यात पहिला, ठळक अक्षरात, ‘सर्वाधिक संदर्भ घेतला गेलेला निबंध’ म्हणून तोच चुकीचा निबंध आहे. दुरुस्ती सूचीत नाही. सूची संस्थेकडून आली आणि मी पाहिली तेव्हा ती पाने छापून झाली होती, माझा हा लेख तेवढा छापायचा राहिला होता. गौरव समितीतले सगळे बाईंवर प्रेम करणारे लोक आहेत. त्यांनी हळहळ व्यक्त केली. मी बाईंकडे गेलो तेव्हा यमुनाबाई तिथेच बसल्या होत्या. मी झालेला प्रकार सांगितला.

यमुनाबाई म्हणाल्या, “म्हंजे तुमचा सत्कार बी त्याच्याच साठी होऊन राह्यला का व बाई?”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, “त्या पानाच्या प्रती किती आहेत? सगळ्या इथे आणा.”

त्यामुळे वाचकांनी कृपया सूचीचे पान उघडावे. तिथे निळ्या शाईने मारलेली एक रेघ आणि समासात दुरुस्ती दिसेल. ती छपाईची चूक नाही. पंचाहत्तराव्या वर्षी प्रत्येक प्रतीवर ती स्वतः बाईंनी केली आहे.

पण तो निबंध ज्या इतर ग्रंथांत, अहवालांत आणि फाइलींत बसला आहे, तिथे ती रेघ नाही. अजूनही कुणी फवारून आजारी पडला की कुठेतरी तो पुढे केला जातो. अजूनही बाई पत्र लिहून कळवतात की हे मीच लिहिले होते आणि ते चूक आहे. हे सांगण्याचा अधिकार असलेले माणूस एकच आहे. बाईंना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभावे, अशी इच्छा आम्ही व्यक्त करतो, तेव्हा तिच्यात प्रेमाइतकीच भीतीही आहे. बाई नसतील त्या दिवसापासून तो निबंध खरा ठरेल.