सौर पाट्यांवरच्या कुरडया

मौद्याकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी औषधं देतो. मला कोणतीही गोष्ट साधी सांगता येत नाही, यावर घरचे आणि पेशंट यांचं एकमत आहे. पण ही साधीच सांगतो, कारण हिच्यातला गुन्हेगार मी आहे.

केंद्राच्या गच्चीवर सौर पाट्या बसल्या तेव्हा धूर ओकणाऱ्या डिझेल जनरेटरला आम्ही वाजतगाजत निरोप दिला. नारळ मीच फोडला. पुढे कोणीही आलं की त्याला गच्चीवर नेऊन माझं भाषण सुरू. "ते पाहा, वीज केंद्राची धुराडी! तिथं कोळसा जळते अन् गाव तापते. अन् इथं आपण नुसत्या उन्हावर दवाखाना चालवून राहिलो!" लोक पाट्यांपेक्षा माझे हातवारेच जास्त बघत.

गेल्या वर्षी मे महिन्यात एका सकाळी बायकोनं कुरडया घातल्या. आमचं क्वार्टर केंद्राच्या मागेच. अंगणात कुत्र्यांचा सुळसुळाट, म्हणून मला नामी कल्पना सुचली. गच्चीवर उतरत्या, गुळगुळीत, तापलेल्या पाट्या आयत्याच होत्या.

"अहो, चालते का असं?" बायकोनं विचारलं.

"काच तर आहे वं. काचेले काय होते?"

जुन्या लुगड्यांवरच्या कुरडया कपड्यासकट उचलून मी सगळ्या पाट्या झाकल्या. काचेला खरंच काही झालं नाही.

दुपारी एका साठीच्या मावशीला आणलं. घरी टिनाच्या छपराखाली मिरचीचे देठ खुडता खुडता ती कोसळली होती. अंग भाजत होतं, घामाचा थेंब नव्हता, आणि ती भलतंच काही बरळत होती. उन्हाळ्यात एक खोली आम्ही उष्माघातासाठी राखून ठेवतो. सिस्टरनं तिथं तिला ओल्या चादरीत घेतलं, काखेत बर्फ ठेवला आणि कूलर सोडला. डॉक्टर फोनवरून सांगत होते. रुग्णवाहिका रामटेकहून निघाली होती. तेवढ्यात गावची लाईन गेली. सकाळपासून तिची ये-जा सुरूच होती. कूलर बॅटरीवर थोडा वेळ फिरला आणि थांबला.

"काहून बंद पडला जी?" सिस्टर ओरडली. "वर पाहा लवकर! मावशी, डोळे उघड वं, डोळे उघड!"

मी गच्चीकडे धावलो. जिन्याच्या मध्यावर मला आठवलं.

लुगडी मी कशी ओढली ते सांगत नाही. कुरडया गच्चीभर उडाल्या. खाली आलो तेव्हा सिस्टर औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होती. कूलर घरघरला, थांबला, मग फिरू लागला. तरी मी सिस्टरच्या हातातला पुठ्ठा घेऊन वारा घालतच राहिलो.

रुग्णवाहिका आली तोवर मावशीचा ताप उतरू लागला होता. डॉक्टरांनी तिला इथंच ठेवायला सांगितलं. चारच्या सुमारास तिनं पाणी मागितलं आणि सिस्टरनं लगेच माझी चुगली केली. "या भाऊनं तुह्या कूलरचं ऊन चोरलं. कुरडया वाळवून राहिले होते."

मावशीनं मला नीट न्याहाळलं. "मंग आमच्या टिनावर टाकायच्या न गा. दुपारपर्यंत कडक होते."

सिस्टर हसली. मला हसू आलं नाही. त्याच टिनाखाली ही बाई उद्या परत जाणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुन्यात डिंक कालवून, बादली आणि ब्रश घेऊन मी तिच्या घरी पोचलो आणि टिनावर चढलो. ती खाली बाजेवर बसून हुकूम सोडत होती. "तो कोपरा सुटला! ध्यान कुठं आहे गा तुहं?" दोन हात दिले. तिसरा तिच्या आग्रहानं. पुढच्या दुपारी आत जाऊन टिनाला हात लावला, तर भर उन्हातही तो लावता येत होता.

यंदा बायकोच्या कुरडया मावशीच्या टिनावर घातल्या. तीन दिवस झाले तरी मऊच. मी तक्रार केली.

"पांढरं कोणं केलं?" मावशी आतून म्हणाली. भर दुपारी ती त्याच टिनाखाली आडवी झाली होती. "भोग आता."