पिकोची मशीन

चिकलठाण्याच्या कंपनीनं मला घरी बसवलं तेव्हा मी जाहीर केलं, आता आपण धंदा करणार. ते ऐकून बायकोनं दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या नावावर कर्ज काढलं. पाच बायकांचा गट, तारण काही नाही. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या चौघींनी भरायचा. त्यातून आमच्याकडं शिलाई मशीन आली, समोरच्या वहिनींकडं पिकोची. ब्लाऊज आमच्याकडं, साडीचा फॉल-पिको त्यांच्याकडं. औरंगपुऱ्यातून अस्तर आणि दोरे आणायला मी. घर सावरलं, खोटं कशाला बोलू.

दर मंगळवारी आमच्या पुढच्या खोलीत बैठक. आधी उभं राहून शपथ: हप्ता वेळेवर भरीन, मैत्रिणीच्या अडचणीला धावून जाईन. मग सतरंजीवर बसायचं. सगळ्यांचे हप्ते येईपर्यंत एकीनंही उठायचं नाही.

वहिनींचे मालक बांधकामावरून पडले. दोन मंगळवार चौघींनी धकवून नेलं. तिसऱ्या मंगळवारी दुपारचा एक वाजला तरी वसुलीचे साहेब मोबाईल बघत बसलेले.

"तुझ्या नवऱ्याचा पाय मोडला, आमचा संसार का मोडायलीस बाई?" एक म्हणाली.

"पुढच्या मंगळवारी नक्की देते."

"मशीन हाय की घरात!" दुसरी.

बायकोला पुढचं मोठं कर्ज हवं होतं, आणि गटाचा हप्ता थकला तर ते कुणालाच मिळणार नव्हतं. ती म्हणाली, "मशीन मी घेते. हिचे उरलेले हप्ते माझ्याकडं." मग माझ्याकडं वळून, "अहो, बसलात काय? उठा."

त्या खोलीत उठायची मुभा फक्त मला होती.

बायकोनं हप्ता भरला तशी बैठक सुटली, आणि वहिनी माझ्यामागं समोर त्यांच्या घरी आल्या. मशीनला हात घालताना मी म्हणालो, "वहिनी, आता तरी मला कामाचा माणूस म्हणा." वहिनींनी वाकून सुईचा स्क्रू सैल केला.

"थांबा भावजी, सुई काढून घेते. उचलताना लागंल तुम्हाला."

मी त्यांना थँक्यू म्हणालो. खरंच म्हणालो.

आता वहिनी रोज आमच्याकडं येऊन त्याच मशीनवर पिको करतात, साडीमागं पैसे घेतात. दर आम्ही ठरवला. येताना सुई पदराला टोचून आणतात, जाताना काढून नेतात.

"सुई तरी राहू द्या की वहिनी," एकदा मी गमतीनं म्हणालो.

बायकोनं पायडलवरचा पाय काढला नाही. "नेऊ द्या हो तिला तेवढी."